दोन पुरवठादार आहेत म्हणून निर्धास्त राहता येतं का?

प्रत्येक भागाला दोन पुरवठादार आहेत, डॅशबोर्ड हिरवा आहे, मग आणखी कशावर लक्ष ठेवायचं आणि त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय. सॉफ्टवेअरचं नंतर बघा. आधी दोघांची मटेरियल सर्टिफिकेटं, म्हणजे कच्चा माल कुठला ते सांगणारे कागद, शेजारी ठेवून वाचा.

मी खरेदी विभागात एका प्लास्टिक कनेक्टरचं काम बघत होते. पुरवठादार दोन, दोन वेगळ्या देशांतले. एकदा तपासणीच्या टेबलावर दोघांचे कागद एकत्र आले. रेझिनचा, म्हणजे प्लास्टिकच्या कच्च्या दाण्यांचा, उत्पादक एकच, ग्रेड एकच, लॉट नंबरची पहिली चार अक्षरंही तीच. म्हणजे दोघांचे दाणे एकाच प्लांटमधले. साहेबांना दाखवलं. ‘पुरवठादाराचा पुरवठादार ही त्याची डोकेदुखी,’ म्हणाले, आणि रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे धोक्यांच्या नोंदवहीत, ‘कमी’ हा शेरा तसाच राहिला.

पाच महिन्यांनी त्या प्लांटला आग लागली. दोघांचीही माल देता येत नसल्याची पत्रं एकाच आठवड्यात आली. आमची लाइन एकोणीस दिवस बंद. डॅशबोर्ड सुरुवातीला हिरवाच, कारण तो फक्त मागचा माल वेळेवर आला का एवढंच मोजायचा. आढावा बैठकीच्या इतिवृत्तात ‘हे आधी कळणं शक्य नव्हतं’ असं लिहिलं गेलं. कळलं होतं. मी मेल केला होता.

आणि असं पहिल्यांदा घडत नव्हतं. 31 मार्च 2012 ला जर्मनीतल्या मार्लमध्ये एव्होनिक या रसायन कंपनीच्या प्लांटमध्ये स्फोट झाला. तिथल्या एका रसायनावाचून नायलॉन-12 हे प्लास्टिक अडलं आणि ब्रेक व इंधनाच्या नळ्यांसाठी जगभरच्या मोटार कंपन्यांची धावपळ उडाली. जपानमधल्या 2011 च्या भूकंपानंतर टोयोटाने पुरवठादारांच्या पुरवठादारांपर्यंतची माहिती गोळा केली, ती उगाच नाही.

तर पुरवठादाराकडून कच्च्या मालाच्या कंपनीचं नुसतं नाव घेऊ नका, प्लांटचा पत्ता मागा. मग दोन आकडे काढा: तो प्लांट बंद पडला तर माल पुन्हा यायला किती आठवडे, आणि साखळीतला साठा किती आठवडे पुरेल. पहिला आकडा मोठा निघाला की शेरा लाल.

अर्थात सगळ्याच भागांचं असं करणं जमत नाही, आणि बरेच पुरवठादार सांगायला नाखूश असतात. पण निवड करताना खरेदीची रक्कम बघू नका. आमचा कनेक्टर सगळ्यांत स्वस्त भागांपैकी होता. आणि विभागातलं कोणी असे दोन कागद घेऊन आलं, तर रजिस्टरमधला शेरा त्याच दिवशी बदला, त्या व्यक्तीच्या नावासकट.