एलिव्हेशन म्हणजे उंची की घराचं तोंड?

जुळे सोलापूरला घर बांधायला काढलेल्या माझ्या मावसभावाचा प्रश्न आलाय, "दादा, कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय एलिव्हेशनचे पैसे वेगळे पडतील. मी म्हटलं मला उंची वाढवायचीच नाहीये तर हसायला लागला. एलिव्हेशन म्हणजे उंचीच ना?"

चूक तुझी नाही रे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वर उचलणं असाच आहे, लिफ्टला अमेरिकेत एलिव्हेटर म्हणतात तो याचाच भाऊ. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ना (आपलं सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास), तेही एलिव्हेशनच. दहावीच्या भूमितीत आपण ज्याला उन्नत कोन म्हणायचो तोही अँगल ऑफ एलिव्हेशन, आणि वकील हायकोर्टाचा जज झाला की त्यालाही इंग्रजी पेपरवाले एलिव्हेशनच म्हणतात.

आता घराचं. आर्किटेक्टच्या भाषेत एलिव्हेशन हे फक्त ड्रॉइंग असतं. वरून बघितल्यासारखं काढलं तर प्लॅन, घर सुरीने कापून आत बघितल्यासारखं काढलं तर सेक्शन, आणि समोर सरळ उभं राहून भिंत जशी दिसेल तशी सपाट काढली तर एलिव्हेशन. म्हणजे घराला चार बाजू तर एलिव्हेशनं पण चार, मागच्या मोरीच्या बाजूचं सुद्धा. इतकंच काय, घराच्या आत किचनच्या ओट्याच्या भिंतीचंही एलिव्हेशन काढतात.

आपल्याकडे झालं काय की कागदावरचा शब्द भिंतीवर जाऊन बसला. क्रियापद बघ म्हणजे लगेच कळेल, आर्किटेक्ट एलिव्हेशन "काढतो" आणि कॉन्ट्रॅक्टर एलिव्हेशन "करतो". काढतो ते चित्र, करतो ते काम, म्हणजे पुढच्या टाइल्स, ग्रिल, पट्ट्या, लायटिंग सगळं. टाइल्सच्या दुकानात तर एलिव्हेशन टाइल्स म्हणून वेगळा प्रकारच मिळतो. त्यामुळे त्याला आधी विचार, पैसे एलिव्हेशन काढायचे सांगतोयस की करायचे, दोन्हीत लई फरक पडतो.

इंग्रजीत या खऱ्याखुऱ्या पुढच्या बाजूला फसाड म्हणतात, तो फ्रेंचमधून आलेला आणि त्याच्या मुळाशी चेहरा आहे. आपण नाही का म्हणत घराचं तोंड पूर्वेला आहे, तेच. फक्त इंग्रजीत फसाडचा अजून एक अर्थ होतो, वरवरचा देखावा, सोंग. आपल्या "दर्शनी"ला तो वास नाही, उलट दर्शनी हुंडी म्हणजे व्यापाऱ्यांची अशी चिठ्ठी की जी दाखवली की पैसे द्यावेच लागतात. म्हणून मला दर्शनी भाग हाच शब्द आवडतो. इंद्रभुवनसमोर, म्हणजे आपल्या महापालिकेच्या जुन्या इमारतीसमोर उभं राहून वर बघ, अप्पासाहेब वारदांनी बांधलेली ती वास्तू, त्या नक्षीला एलिव्हेशन म्हणायला माझी तरी जीभ वळत नाही.

पण कॉन्ट्रॅक्टरशी बोलताना एलिव्हेशनच म्हण बाबा, "दर्शनी भागाचा रेट काय" विचारलंस तर तो परत हसेल. आणि तुझ्या गल्लीत ते पुढून तीन रंगांच्या टाइल्स आणि बाजूला नुसत्या उघड्या विटांचं घर आहे बघ, त्या विटा पण इंग्रजीच्या हिशोबाने एलिव्हेशनच आहेत, साइड एलिव्हेशन.