जवळच्या मित्राने दगा दिल्यावर ख्रिस्ती विश्वासाचा खरंच आधार होतो का?

होतो. पण प्रार्थना केली आणि मन हलकं झालं, असं माझं काही झालं नाही.

आम्ही बेळगाव कॅम्पातले. एकाच गल्लीत घरं, संडे स्कूलपासूनची दोस्ती. तो भिशी चालवायचा, 20 जणांची, महिना 2,000. माझ्या शब्दावर चौघं त्यात आले. त्यांचा नंबर लागायच्या आधीच, नवव्या महिन्यात भिशी बुडाली. "जरा थांब की, देतो," म्हणाला, आणि त्याच महिन्यात त्याच्या घराचा स्लॅब ओतून झाला. चौघांचे 18,000 प्रमाणे 72,000 मी फेडले. महिना 3,000, दोन वर्षं.

पैशापेक्षा रविवार जड जायचा. एकदा प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, प्याल्यांचा ट्रे नेमका त्याच्या हातून माझ्याकडे आला. नखात सिमेंट होतं. मी ट्रे तसाच पुढे सरकवला आणि उठून बाहेर आलो.

त्या रात्री आईचं जुनं मराठी बायबल काढलं. (उपासना आमची कन्नडमधून, रडायला मात्र मराठी लागते.) स्तोत्र 55. शत्रू असता तर सोसलं असतं, पण तू तर माझा सोबती, आपण मिळून देवाच्या घरी जायचो. पुढे स्तोत्रकर्ता दावीद राजा सरळ शाप देतो! तेही पवित्र शास्त्रातच आहे, कुणी खोडलेलं नाही. एवढा राग घेऊनही देवापुढे बसता येतं, हे मला त्या रात्री कळलं. बसलो. झोप लागली.

आमची मावशी म्हणायची, साताच्या सत्तर वेळा क्षमा कर आणि पैशाचं नावच काढू नको, चारचौघांत आपल्याच लोकांची शोभा होते. मग बायबलातल्या त्या जकातदार जक्कयाचं काय? त्याने चौपट परत द्यायचं कबूल केलं, तेव्हा प्रभू म्हणाला, या घराला तारण मिळालं. आमच्याकडे तारण हा शब्द चर्चमध्ये आणि पतसंस्थेत, दोनच ठिकाणी ऐकू येतो. मावशीला पहिलाच अर्थ माहीत, मुक्तीचा; दुसरा, गहाणाचा, नाही. क्षमा केली म्हणजे मुद्दल सोडलं असं कुठे लिहिलंय?

अर्थात माझा मामला पैशाचा होता. तुमचा दगा कसला ते तुम्ही लिहिलेलं नाही. जिवावरचं काही असेल तर स्तोत्र नंतर वाचा, आधी तिथून बाहेर पडा.

गेल्या नाताळात त्याच्या घरून करंज्यांचा डबा आला. रिकामा कसा पाठवायचा, म्हणून चकल्या भरल्या. तळाशी एक चिठ्ठी ठेवली: बाकी 72,000. तेव्हापासून मावशी माझ्याशी बोलत नाही.