पेंटासीनच्या (एक सेंद्रिय अर्धवाहक) पातळ फिल्ममध्ये एका फोटॉनपासून (प्रकाशकणापासून) दोन एक्सायटॉन (उत्तेजित इलेक्ट्रॉन-होल जोड्या) होतात, मग ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मोडत नाही का? (एम.एस्सी., कोल्हापूर)

नाही मोडत, एका सिंगलेटची (एकूण स्पिन शून्य असलेल्या एक्सायटॉनची) ऊर्जा दोन ट्रिप्लेटमध्ये (एकूण स्पिन एक असलेल्या, कमी ऊर्जेच्या एक्सायटॉनमध्ये) वाटली जाते. पेंटासीनचा सिंगलेट साधारण १.८३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, ट्रिप्लेट ०.८६ चा, दोघांचं भागून थोडी उरतेच. दुसरा ट्रिप्लेट शेजारच्या रेणूवर बसतो, म्हणून रेणू खेटून रचलेल्या फिल्ममध्ये हे शंभरेक फेम्टोसेकंदांत (सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात) उरकतं. विरळ द्रावणातल्या सुट्या रेणूला ते जमत नाही. आधी दोन्ही ट्रिप्लेटची जोडी बनते, तिचा एकूण स्पिन शून्यच, त्यामुळे स्पिन उलटायची वाट पाहावी लागत नाही. मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं. शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर काम करतो, त्या अभ्यासातून सांगतोय. फक्त सिलिकॉन सेलला जोडायचं असेल तर पेंटासीन नको: सिलिकॉनला १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, पेंटासीनचा ट्रिप्लेट त्याहून कमी. तिथे १.२५ च्या ट्रिप्लेटवाला टेट्रासीन (पेंटासीनसारखाच पदार्थ) बघा.