आधी गिरणी विचार

प्रिय मुली,

तुझी मेल काल रात्री दोनदा वाचली. मैत्रिणींबरोबर डेल्फ्टहून चार दिवस पॅरिसला जायचंय. हॉटेलच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत 'सां ग्लुतेन', म्हणजे ग्लुटेनमुक्त, अशी पाटी लावलेला एक ट्रे असतो, आणि जिथे गव्हाचा कणही येत नाही अशी बेकरी मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. "माझ्या एका पावासाठी सगळ्यांची अर्धी सकाळ घालवणं बरं दिसेल का?" असं विचारलंयस. त्या 'बरं दिसेल का'नेच मला रात्री झोपू दिलं नाही. या तीन शब्दांपायी मी काय काय घालवलंय ते तुला ठाऊक नाही, म्हणून आज सकाळी बाकीची कामं बाजूला ठेवून लिहायला बसले.

सिलिॲक हा आजार म्हणजे काय, गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याच्या अस्तराचं काय होतं, हे निदान झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत तुला पाठ झालं असेल. ते सोडून देते. मला एकच सांगायचंय आणि ते मी परत परत सांगणार आहे. पदार्थात काय आहे हे नंतर. आधी गिरणी विचार.

तुला आठवतं का, उपासाची भाजणी दळायला न्यायची तेव्हा आपल्याकडच्या बायका गिरणीवाल्याला काय सांगायच्या? "आत्ता गव्हाचं दळण झालं असेल तर थांबते, पण त्यावर माझं टाकू नका." जात्यात आधीच्या दळणाचं पीठ अडकून राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं, हे माझ्या आजीला शाळेत न जाता माहीत होतं. एकादशीसाठी आपण इतकं जपायचो. मग स्वतःच्या आतड्यासाठी विचारताना जीभ का अडखळते?

माझी अडखळली होती. २०१२ साली पॅरिसलाच. आम्ही सासरचे अकरा जण होतो. एका बेकरीत काचेआड बदामाचा केक होता, त्यावर छोटी पाटी. "यात पीठ नाही," दुकानदार म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. पण ज्या सुरीने त्याने आधीच्या गिऱ्हाईकाची पावाची लादी कापली तीच सुरी त्याने त्या केकवर टेकवली. मी ते पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी पैसे दिले, कारण बाहेर दहा माणसं उभी होती आणि मोठ्या दिरांनी दोनदा घड्याळ बघितलं होतं. पुढचे दोन दिवस मी हॉटेलच्या खोलीत होते. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. आयफेल टॉवर बघायचा म्हणून महिनाभर आधीपासून तिने भिंतीवर चित्र लावलं होतं. "आईजवळ कोणीतरी हवं," म्हणून ती हट्टाने मागे राहिली आणि खिडकीत बसून रंगवत राहिली. दोन दिवस! तिने आजवर त्याचा उच्चार केलेला नाही. मला मात्र ते रंगीत खडूंचं खोकं अजून दिसतं.

तर ट्रेवरच्या पाटीचं. पाटी लावणारा लबाड असतो असं मी म्हणत नाही. पण मैदा हवेत उडतो आणि सावकाश खाली बसतो, ओट्यावर, ट्रेवर, भट्टीत पाव सरकवायच्या फळीवर. युरोपात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन असलेल्या पदार्थालाच ग्लुटेनमुक्त म्हणता येतं. आपल्याकडचा नियमही तोच आहे. आणि इटलीतल्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला होता. पावाच्या एका स्लाइसमध्ये याच्या कितीतरी पट असतं. आता सांग, जिथे पहाटेपासून मैद्याचे पाव भाजले जातात तिथला एक ट्रे कुठवर कोरडा राहणार?

"थोडंसं खाल्लं तर काय होतं," असं तुझी मैत्रीण म्हणाली ना? तिच्याशी वाद घालत बसू नकोस. पण तू स्वतः तिच्या सुरात सूर मिसळलास हे मला अजिबात आवडलं नाही. तू राहतेस तिथून हेग ट्रामच्या अंतरावर. तिथल्या मुलांच्या इस्पितळात डॉ. विलेम डिके होते. गव्हाबद्दल त्यांना युद्धाआधीच शंका होती. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा सिलिॲकची आजारी मुलं सुधारली आणि पाव परत आला तशी पुन्हा खालावली. १९५० मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला. त्यांच्या गावाशेजारी राहून तू 'थोडंसं' म्हणतेस?

आता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या त्या बेकरीबद्दल, शांबेलांबद्दल. अकराव्या विभागात र्यू तेर्नो नावाच्या छोट्या रस्त्यावर ही बेकरी २०१४ पासून आहे. तांदळाचं आणि कुट्टूचं पीठ वापरतात. ते पीठ दक्षिण फ्रान्समधल्या त्यांच्या स्वतःच्या गिरणीतून येतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नवऱ्याला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं होतं. माझ्या आजीचाच प्रश्न कोणीतरी इतक्या लांब विचारला होता आणि त्याचं उत्तर म्हणून गिरणीच वेगळी काढली होती.

२०१८ साली मी तिथे गेले. सवयीने पर्समधून ओला रुमाल काढला आणि बसायच्या आधी टेबल पुसायला घेतलं. माझ्या आधी कोणीतरी खाऊन गेलं होतं, तपकिरी कवचाचा चुरा पडला होता. हात अर्ध्यावर थांबला. घरी मी पंधरा वर्षं पोळीचे तुकडे, पावाचा चुरा असाच पुसत आले, दुसऱ्याचा चुरा म्हणजे धोका. इथे तो चुराही माझाच होता. मी एक कण बोटाने टिपला आणि तोंडात टाकला. अनोळखी माणसाच्या पावाचा, हो. मग फोकाचा नावाचा चपटा पाव घेतला, एक लादी बांधून घेतली, आणि काही न विचारता खाल्लं. तुला त्या टेबलाशी बसलेलं मला बघायचंय, म्हणून इतकं लिहितेय.

तुझ्या मैत्रिणींची अर्धी सकाळ जाईल. जाऊ दे. त्यांनाही तिथे चांगलं खायला मिळेल.

घरचे मला कडक म्हणतात, ते तुझ्याही कानावर आलं असेल. वहिनीने माझ्यासाठी मुद्दाम ज्वारीची भाकरी केली होती आणि मी पंगतीत ताट बाजूला सारलं, हा किस्सा घरात अजून सांगतात. भाकरीचं पीठ गव्हाच्या दळणावरचं होतं आणि आमटीच्या फोडणीत डबीतला हिंग, ज्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ घातलेलं असतं. मी खाल्लं नाही ते योग्यच होतं, आजही खाणार नाही. माझ्या रक्ताचे आकडे सुधारायला चार वर्षं लागली, ती वहिनीच्या समाधानासाठी मी परत देऊ शकत नाही. पण ताट वाढल्यावर बोलले, ते चुकलं. दोन दिवस आधी फोन करून दळण कुठून आणलं हे विचारलं असतं तर तिला चारचौघांत खाली बघावं लागलं नसतं. ती त्यानंतर माझ्यासाठी काही करत नाही. म्हणून तुला म्हणते, आधी विचार. आधी विचारलेलं कोणाला टोचत नाही, आणि युरोपात तर सुट्या पदार्थातल्या ग्लुटेनची माहिती देणं विक्रेत्यावर बंधनकारकच आहे.

पॅरिसमध्ये दोन शब्दांनी फसशील. 'ब्ले न्वार' याचा अर्थ शब्दशः काळा गहू, पण तो गहू नव्हे, कुट्टू. त्याची गालेत, म्हणजे धिरडं, तुला चालायला हवी. पण काही ठिकाणी त्यात गव्हाचं पीठ मिसळतात, आणि बऱ्याचदा त्याच तव्यावर मैद्याची क्रेप घालतात. तवा विचार. आणि 'एपोत्र' हे कितीही पौष्टिक म्हणून पुढे केलं तरी तो गव्हाचाच भाऊ, हात लावू नकोस.

बेकरीत पहिल्याच दिवशी जा, शेवटच्या दिवसावर ढकलू नकोस. सुट्टीचा वार आणि वेळ निघण्याआधी बघून ठेव. चार दिवसांचा पाव एकदम घे. तांदळाचा पाव दुसऱ्या दिवशी घट्ट होतो, गरम करावा लागतो, पण हॉटेलच्या टोस्टरमध्ये मुळीच घालू नकोस. त्यात रोज शंभर जणांचा पाव भाजला जातो. टोस्टरमध्ये घालायच्या पिशव्या मिळतात, त्या बरोबर ने. बॅगेत राजगिऱ्याच्या वड्या आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा असू दे, फोडणीत हिंग नको.

आणि एक राहिलंच. तू लिहिलंयस की आईने पाठवलेल्या भाजणीची थालीपिठं करून गाडीत खाणार आहेस. थालीपिठाच्या भाजणीत आपल्याकडे गहू घालतातच. नसेल घातला तरी ती दळली कुठे? आईला आजच फोन कर. तिला वाईट वाटेल, तरी कर, आणि ती काय म्हणाली ते मला रात्री कळव.

तुझी,
काकू