गाडीची दुखणी : सीटमध्ये गॅस नसतो

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, चंद्रपूरला राहतो. गाडीच्या पुढच्या दोन्ही सीटना व्हेंटिलेशन आहे. एप्रिलपासून माझ्या सीटची हवा बंद झाली. बटण दाबलं की तिन्ही दिवे लागतात, पण नागपूरला पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो. शेजारची सीट उत्तम चालते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, आतला पूर्ण संच बदलावा लागेल. वॉरंटी संपली आहे. शेजारी म्हणतात, सीटमधला गॅस संपला असेल, भरून घ्या. काय करू?

उत्तर : सर, आधी गॅसचं. सीटमध्ये गॅस नसतोच, त्यामुळे तो भरून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत व्हेंटिलेटेड सीट म्हणजे बैठकीखाली एक छोटा पंखा, बऱ्याच गाड्यांत पाठीतही एक, फोममधून हवेला केलेली वाट आणि वर बारीक भोकांचं कव्हर. काही गाड्यांत पंखा हवा वर फेकतो, काहींत खाली ओढून घेतो. हवा गार करायची सोय त्यात नसते, गाडीत जी हवा आहे तीच फिरते. म्हणून भर उन्हात उभी केलेली गाडी उघडून लगेच सीट लावली तर गरम झळच मिळणार. आधी काचा उतरवा, एसी चालू द्या, केबिन जरा निवलं की मग सीट लावा. काही महागड्या गाड्यांत खरंच गार करणारी सीट असते. तिथे पेल्टिए पट्टी बसवलेली असते. वीज सोडली की तिची एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. हा गुणधर्म फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ पेल्टिए यांनी १८३४ मध्ये दाखवला. तुमच्या वर्णनावरून तुमची सीट साध्या पंख्याचीच दिसते, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने ते बरंच आहे.

दिवे लागतात याचा अर्थ एवढाच, की बटणाला वीज आहे. पंखा फिरतोय का, हे दिव्यावरून कळत नाही. ते असं बघा. सावलीत गाडी सुरू करा, एसीचा ब्लोअर बंद, गाणी बंद, सीट तीनवर. सीटवर कोणी बसायचं नाही. टिश्यू पेपरचा एकच पदर सोडवून बैठकीच्या भोकांवर ठेवा, मग पाठीवर धरा. पंखा ओढणारा असेल तर कागद चिकटून बसेल, फेकणारा असेल तर कडा फडफडतील. हेच शेजारच्या सीटवर करा. चालू सीट हाताशी आहे हे तुमचं नशीब, तीच तुमची मोजपट्टी. मग खाली वाकून कान लावा.

घरघर ऐकू येते पण कागद हलत नाही, तर पंखा ठीक आहे, वाट बंद आहे. बाजारातलं लेदरेटचं कव्हर, मण्यांची चटई, पंचा, काही असेल तर काढा. चकाकीसाठी सीटला पॉलिश चोपडलं असेल तर ते भोकांत जाऊन बसतं. मग वाकून सीटखाली टॉर्च मारा. छत्री, पाण्याची बाटली, दुमडलेलं मॅट, प्लॅस्टिकची पिशवी पंख्याच्या तोंडाशी अडकलेली मी कितीदा तरी काढली आहे. एका गाडीत मंदिरातल्या प्रसादाची पिशवी जाळीला घट्ट चिकटली होती, आणि त्या माणसाला नव्या पंख्याचं कोटेशन मिळालेलं होतं!

घरघरच नसेल तर काम विजेचं. फ्यूज बघाच, पण शेजारची सीट आणि बटणाचे दिवे चालू असताना तिथे काही सापडेल अशी आशा कमी. काही गाड्यांत दोन्ही सीटचे फ्यूज वेगळे असतात, मॅन्युअलमध्ये नकाशा असतो. माझा पहिला संशय सीटखालच्या कनेक्टरवर, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगवर. पुढची सीट रोज मागेपुढे सरकते आणि तिच्याबरोबर वायरिंगही ओढलं जातं. घरातल्या कोणाला तरी कान लावून बसवा आणि पंखा तीनवर ठेवून सीट सावकाश पूर्ण पुढे, पूर्ण मागे न्या. मध्येच कुठे पंखा फिरून पुन्हा थांबला, तर वायर किंवा जोड सैल आहे हे नक्की समजा. वॉशिंग सेंटरवर आतून पाणी मारून घेतलं असेल तर कार्पेटखाली ओल राहते आणि कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. उंदरांनी वायर कुरतडल्याच्या गाड्याही माझ्याकडे नेहमी येतात, टॉर्च मारताना लेंड्या दिसतात का बघा.

इथे मात्र हात आवरा. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसेल, तो एअरबॅगचा किंवा सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचा. त्याला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, मल्टिमीटर लावायचा नाही, चावी चालू असताना काढायचा तर मुळीच नाही. सीट उचलायची असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून, जाणत्या माणसानेच उचलावी. ही एअरबॅग चुकून फुटली तर समोरच्याचा हात किंवा चेहरा जातो, म्हणून एवढं बजावून सांगतोय.

यापुढचं गॅरेजवर सोडा, पण समोर उभं राहून करून घ्या. पंख्याच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट आणि अर्थिंग येतात का, हे आधी मोजायला सांगा. येत असतील तरी पंखा लगेच फेकू नका. बहुतेक पंख्यांना वेगाचा हुकूम वेगळ्या वायरने जातो, तो तुटला तरी पंखा गप्प बसतो. सर्वांत सोपा पुरावा अदलाबदलीचा. पार्ट नंबर जुळत असेल तर शेजारच्या सीटचा पंखा तुमच्या सीटला लावून बघा. फिरला, तर खराबी पंख्यात, तेवढाच बदला. नाही फिरला, तर खराबी वायरिंगमध्ये किंवा मॉड्यूलमध्ये, म्हणजे पंख्याला हुकूम देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यात. 'पूर्ण संच' म्हणणाऱ्याला शांतपणे विचारा : व्होल्टेज किती आलं? बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर कोणता कोड आला? उत्तर जॉबकार्डवर लिहून घ्या. न मोजता पार्ट बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने अंदाज लावणं, आणि मला त्याची मनापासून चीड आहे.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, मिनेसोटात असतो. जुन्या गाडीतली गरम होणारी सीट आधी एकाच जागी चटके देत होती, आता बंदच पडली. तिथे कव्हरवर तपकिरी डागही आहे. थंडीत साताऱ्याहून सासूबाई येणार आहेत, त्यांना मधुमेह आहे. नवा फ्यूज टाकून बघू का?

उत्तर : ताई, नाही. उलट सीट हीटरचा फ्यूज आजच काढून ठेवा. गरम सीटमध्ये कव्हरखाली तारांचा किंवा कार्बन तंतूंचा पॅड असतो. त्यातली तार अर्धवट तुटली की त्या एका जागी जास्त उष्णता साठते. डाग त्याचाच. मागच्या सीटवरच्या बाळाला बांधताना पुढच्या सीटवर गुडघा टेकवला, की नेमका असा पॅड मोडतो. बैठक आणि पाठ बऱ्याचदा एकाच साखळीत जोडलेली असतात, त्यामुळे खालची तार तुटली तरी दोन्ही गार पडतात. मेकॅनिकला रोध मोजायला सांगा. चांगला पॅड थोडे ओहम दाखवतो, तुटलेल्यावर मीटर अनंत रोध दाखवतो. तुटलेली तार जोडून घेऊ नका, पॅड नवा घाला आणि तापमान ओळखणारा सेन्सरही तपासून घ्या. त्याआधी नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अॅडमिनिस्ट्रेशनच्या संकेतस्थळावर गाडीचा व्हीआयएन, म्हणजे १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, टाकून रिकॉल आहे का, म्हणजे दोषामुळे कंपनीने ती गाडी दुरुस्तीला परत बोलावली आहे का, ते बघा.

सासूबाईंबद्दल : मधुमेहात पाय-मांड्या बधिर होऊ शकतात, मग चटका बसतो तो कळतच नाही. सीट दुरुस्त झाली तरी त्यांच्या बाजूला ती बंदच ठेवा, केबिनचा हीटर वाढवा, अंगावर शाल द्या.

प्रश्न : कोल्हापूरहून विचारते. व्हेंटिलेटेड सीटची नवी गाडी घेतली, जुन्या गाडीसारखी कव्हरं घालू का?

उत्तर : घालू नका. हवा तर अडेलच, शिवाय सीटच्या बाहेरच्या कडेला 'एअरबॅग' असं लेबल असेल तर तिथली शिवण फाटून बॅग बाहेर यावी लागते आणि जाड कव्हर तिला अडवतं. धूळ बसली की मऊ ब्रशची नळी लावून व्हॅक्यूम करा. ओलं फडकं घट्ट पिळूनच फिरवा, भोकांत पाणी जाऊ देऊ नका.