पर्वती राहू दे, आधी सपाटीवर चाल

दादा, पाय बरा वाटतोय तर पुण्यातली पर्वतीची टेकडी चढू का, असं विचारतोस; तुझी घाई कळते. चार दिवस पाय बरा वाटला की मीही पर्वतीच्या पायऱ्या एका दमात चढायचो आणि पुढचे तीन दिवस मोजे घालायलाही बायकोला हाक मारायचो. सायटिकाची, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्याची, खोडच ती. चढताना नस गप्प असते, रात्री कूस बदलताना हिशेब मागते.

म्हणून बऱ्या दिवशीही ठरलेलंच चालायचं. मी घड्याळ लावून 10 मिनिटांपासून सुरुवात केली, दर आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवली. दुखलं तर कमी, पण बंद नाही. पडून राहिलं की अंग आणखी आखडतं. कळ पायातून कमरेकडे सरकली तर चांगली खूण. पोटरीतून पावलाकडे उतरू लागली तर तिथेच थांब.

प्रीगाबालिन, म्हणजे नसेच्या दुखण्यावरची गोळी, चालू असेल तर गुंगी येते, तेव्हा गाडी नको. आणि गोळी मनानेच एकदम सोडू नकोस. शेक घे, बरं वाटतं, एवढंच.

मात्र लघवीवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी थेट हॉस्पिटल गाठ.