फॉस्टरच्या घरून कुत्री आणताना जात नको, तिचा दिवस विचारा

तुमची होणारी कुत्री आठ महिन्यांची आहे, दोन महिने फॉस्टरच्या घरी, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तिला तात्पुरतं सांभाळणाऱ्यांकडे राहिली आहे, घरात तुमची सात वर्षांची मुलगी आहे आणि कुत्रीला शनिवारी आणायचं ठरतंय. ती लॅब्रॅडॉर मिक्स आहे असं फोटोवरून वाटतं, तर त्यावरून स्वभाव कळेल का आणि आणण्याआधी काय काय विचारायचं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

जातीचं आधी सांगून टाकते. मिश्र कुत्र्याच्या रूपावरून बांधलेला जातीचा अंदाज डीएनए चाचणीत पुष्कळदा चुकीचा ठरतो, कुत्र्यांबरोबर रोज काम करणाऱ्यांचासुद्धा. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांवरचा अभ्यास आला होता. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के भाग जातीने उलगडतो, असं त्यात निघालं. म्हणजे 'लॅब आहे, मुलांशी छानच वागेल' या भरवशावर राहू नका. या कुत्रीबद्दल खरी माहिती एकाच माणसाकडे आहे. दोन महिने तिचं खाणं, झोपणं, घाबरणं बघणाऱ्या त्या फॉस्टरताईंकडे.

फक्त 'कशी आहे हो ती?' असं विचारू नका. 'खूप गोड आहे' हेच उत्तर मिळेल, आणि ते खोटंही नसेल. त्याऐवजी कालचा दिवस विचारा. सकाळी किती वाजता उठली, शू कुठे केली, दुपारी कोणाजवळ झोपली, बेल वाजल्यावर काय केलं. आजवर जास्तीत जास्त किती वेळ एकटी राहिली आहे, आणि परत आल्यावर घरात काय दिसलं? ती खात असताना शेजारून कोणी गेलं तर खाण्याचा वेग वाढतो का, अंग ताठ होतं का? तोंडात चप्पल सापडली तर सोडते की पळते? गाडीत उलटी होते का? लहान मुलं तिने खरोखर पाहिली आहेत का, की 'चालतील बहुतेक' एवढंच?

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फॉस्टरच्या घरी दुसरी कुत्री असतील, तर तुम्हाला दिसणारा धीटपणा थोडा उसना असू शकतो. मोठा कुत्रा दाराकडे गेला की हीही जाते, तो निवांत पडला की हीही पडते. तुमच्या घरी तो आधार नसेल. म्हणून शनिवारच्या आधी दोनदा जा, आणि एकदा तरी तिला एकटीलाच फिरायला घेऊन चला. दुसऱ्या फेरीला मुलीला न्या, पण तिने एका जागी बसून राहायचं. कुत्री आपण होऊन जवळ आली तर ठीक.

माझी कुत्री फॉस्टरकडे मला बघून उड्या मारायची. घरी आणली तर थेट दारामागे जाऊन भिंतीला पाठ लावून बसली. दिवसभर पाण्याला तोंड लावलं नाही. रात्री दिवे मालवल्यावर अंधारात चपचप आवाज आला तेव्हा कळलं, पाणी पितेय. फॉस्टरताईंनी मला बजावलं होतं की नुसत्या गळपट्ट्यावर बाहेर काढू नका, ती मागच्या मागे सरकते. दोन दिवस ती इतकी शांत चालली की तिसऱ्या दिवशी मी हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, घातलाच नाही. कुठेतरी पत्रा आदळला, ती मागे सरकली, मान खाली घातली, आणि माझ्या हातात रिकामा पट्टा. मी हाका मारत होते तशी ती लांब जात होती. माझा आवाज तिला तीनच दिवसांचा ओळखीचा होता. शेवटी फॉस्टरताई आल्या, जमिनीवर बसल्या, हळूच नावाने हाक मारली, आणि ती पोट घासत त्यांच्या मांडीत शिरली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: पहिले दोन-तीन महिने गळपट्टा आणि हार्नेस दोन्ही, दोन्हींना दोरी, आणि गळ्यात तुमच्या फोन नंबरचा बिल्ला पहिल्या दिवसापासून.

तब्येतीचं थोडक्यात. लसीकरणाचं कार्ड प्रत्यक्ष हातात घ्या, रेबीजची तारीख बघा. नसबंदी झाली आहे का विचारा. नसेल तर पहिली पाळी साधारण या वयाच्या आसपासच येते, तेव्हा व्हेटशी लगेच बोला. जंताचं औषध कधी दिलं, गोचीड तापासाठी रक्त तपासलं का, तेही विचारा. तिथे जे खाते तेच आठवडाभर पुरेल इतकं घ्या आणि बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करा, नाहीतर जुलाब होतात आणि सगळे उगाच घाबरतात. ती झोपते ती चादर न धुता मागून घ्या. घरात शू झाली तर रागावू नका, तिच्यासाठी ते घर नवं आहे. पहिले काही दिवस दर दोन-तीन तासांनी बाहेर न्या.

मुलीबाबत मी कडक आहे. कुत्रीचं अंथरूण ही तिची जागा, तिथे मुलीने जायचं नाही. मिठी मारायची नाही, झोपेतून उठवायचं नाही. कुत्री मान फिरवते, ओठ चाटते, झोप नसताना जांभई देते, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, या खुणा मुलीला दाखवून ठेवा. सात वर्षांची मुलं हे झटकन शिकतात. आणि गुरगुरली तर कुत्रीला ओरडू नका, मुलीला बाजूला घ्या. गुरगुरणं दाबून टाकलं की उद्या ती न सांगता चावेल. दोघी एका खोलीत असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं.

करारात 'न जमल्यास कुत्री आमच्याकडेच परत द्यावी' असं कलम असेल. ते अविश्वासाचं समजू नका, मला तर ते नसेल तिथेच शंका येते.

शनिवारी सकाळीच आणा, म्हणजे शूची जागा उजेडात दाखवता येईल. पाहुणे नकोत, अंघोळ नको. रविवारपासून दोन-दोन मिनिटं तिला एकटी ठेवून दाराबाहेर जाऊन या, नाहीतर सोमवारी तुम्ही कामाला निघालात की तिला धक्का बसेल. आणि पहिल्या रात्री फॉस्टरताईंना दोन ओळींचा मेसेज टाका: जेवली का, शू केली का, कुठे झोपली. त्या वाट बघत असतील.